लाव्यांची राखण

एरंडोलच्या भीमनगरात शेवटचं घर सुपडूचं. घरामागे परस, परसाला भिंत, भिंतीपलीकडे नाला, आणि नाल्यात पाणी सोडून बाकी सगळं. पत्ता विचारलात तर घराचा नंबर कोणी सांगणार नाही. 'लाव्यावाला' म्हणा, शेंबडं पोरही दारात आणून सोडेल. वैशाखात तर विचारायचीही गरज नाही. लाव्यांची विष्ठा उन्हात तापली की तिचा तिखट वास गल्लीच्या तोंडापर्यंत येतो आणि आल्यागेल्याच्या डोळ्यांत पाणी आणतो.

चार वर्षांपूर्वी हाच माणूस 'जिनिंगवाला सुपडू' होता. तीस वर्षं त्यानं जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी लोटल्या, गाठींना तारा बांधल्या, ट्रक भरले. मग एका सकाळी गाठीला खांदा लावून तो वाकला तो सरळ झालाच नाही. चौघांनी उचलून घरी आणला. डॉक्टरनं सांगितलं, ओझं उचलायचं नाही आणि मऊ अंथरुणावर झोपायचं नाही, सपाट जागेवर झोपायचं. सुपडूनं जन्मभर मुकादमाचं ऐकलेलं, त्यामुळे डॉक्टरचंही ऐकलं. तेव्हापासून तो भुईवर झोपतो. पाठ काही बरी झाली नाही, पण सवय लागली.

बायको मंदाबाई अंगणवाडीत मदतनीस. मुलगा युवराज नाशिकला कंपनीत, एका खोलीच्या घरात बायको आणि दोन लेकरांसह. तो फोनवर एकच गोष्ट सांगायचा, "बाबा, खूप केलंत. आता बसा." चांगल्या मनाचा पोरगा, वाईट काही बोलत नव्हता. पण 'बसा' हा शब्द सुपडूच्या कानात गरम तेलासारखा उतरायचा. बसलेला हमाल म्हणजे काय, हे त्यानं जिनिंगच्या फाटकाबाहेर पाहिलं होतं. चहाच्या टपरीवर दिवसभर बसून येणाऱ्या ट्रकचे नंबर वाचणारी ती म्हातारी माणसं. दुसऱ्याचा चहा पितात आणि पुन्हा पुन्हा तीच तीच गोष्ट सांगतात.

साक्रीकडच्या मेहुण्यानं एकदा खोक्यात घालून तीस पिल्लं पाठवली, जपानी लाव्यांची. म्हणाला, "दाजी, ओझं उचलायचं नाही ना? हे हातात धरलं तरी वजन कळत नाही." तिथून सगळं सुरू झालं.

लावा हा पक्षी कोणीतरी घाईघाईत केला असावा. मुठीएवढा जीव, अंगभर मातकट ठिपके, आणि भीती मात्र बैलाएवढी. भांडं पडलं, उडाला. सावली हलली, उडाला. तोही सरळ वर, आणि वर पत्रा असला की डोकं फुटून खाली. हौसेनं अंडी घालतो आणि घालून विसरून जातो, त्यावर बसायचं असतं हेच त्याला ठाऊक नाही. अंडी मशीनमध्ये ठेवावी लागतात. सतराव्या-अठराव्या दिवशी अंगठ्याएवढी पिल्लं बाहेर येतात, दीड महिन्यात ती विकायला तयार. आणि जगात ज्याला दात आहेत, चोच आहे, किंवा नुसतं तोंड आहे, त्या प्रत्येकाला लावा आवडतो.

पहिल्या वर्षी लाल मुंग्या आल्या. पिल्लांचे नुसते डोळे खाल्ले. सुपडूनं पिंजऱ्यांचे पाय पाण्याच्या डब्यांत ठेवले. मग घूस आली, जमीन पोखरून. त्यानं फरशा बसवल्या. शेजारच्या लोटनचा बोका यायचा आणि जाळीबाहेरून पंजा घालून पाय ओढायचा. आख्खा पक्षी जाळीतून निघत नाही, पाय तेवढा निघतो. सुपडूनं बारीक भोकांची जाळी आणली. आभाळातून शिक्रा झेपावला, वर छप्पर घातलं. सगळं एकट्यानं, वाकता येत नाही तर गुडघ्यावर बसून. पिंजरे म्हणजे काय, तर भंगारातले चार कूलर. खानदेशात दर उन्हाळ्याला इतके कूलर मरतात की भंगारवाला ते वजनावरही घ्यायला कुरकुरतो. लोखंडी बॉडी, चार पाय, तीन बाजू उघड्या. आतला पंखा काढला, जाळी ठोकली, डोकी फुटू नयेत म्हणून वर, आतल्या बाजूला गोणपाट ताणलं, की झाला लाव्यांचा बंगला. दाराला कडी आणि कडीला तारेचा पीळ. पीळ तीन वेढ्यांचा, डावीकडे वळवलेला. गाठ बांधताना जिनिंगमध्ये तो असाच घालायचा. तीस वर्षांचा हात, झोपेतही चुकत नव्हता.

एवढं करूनही राखण संपत नव्हती. शेतकऱ्याला पीक काढल्यावर चार दिवस मिळतात, नोकरीवाल्याला रविवार मिळतो. लाव्यावाल्याला काय मिळतं? दुपारी सगळं गाव दारं लोटून पडलेलं असताना सुपडू परसात ओल्या गोणपाटाच्या सावलीत, पिंजऱ्यांसमोर भुईवर आडवा व्हायचा, हातात काठी. एक डोळा मिटलेला, एक उघडा. असा माणूस झोपतही नाही आणि जागाही नसतो. थकवा त्याच्या हाडांत मुरला होता, लोणच्यात मीठ मुरावं तसा.

यंदाच्या मार्चमध्ये मात्र एक चांगली गोष्ट घडली. महामार्गावर हॉटेल चालवणारा आवेज स्वतः मोटरसायकलवर आला, पक्षी हातात घेऊन पाहिले आणि म्हणाला, "चाचा, दर शुक्रवारी चाळीस बटेर द्या. उन्हाळाभर एक शुक्रवार चुकला नाही तर कायमचं तुमच्याकडून घेईन." त्याच आठवड्यात युवराज आला होता. तो परसात उभा राहून, नाकाला रुमाल लावून म्हणाला, "ठीक आहे बाबा. हा उन्हाळा निभावला तर मी पुन्हा बोलणार नाही. नाही निभावला तर आजीला घेऊन तुम्ही दोघं नाशिकला यायचं. शब्द द्या." सुपडूनं शब्द दिला. देताना त्याला वाटलं, चाळीस लावे ते काय, आपण गाठी लोटल्या आहेत.

आता आजीबद्दल. पार्वताबाई, सुपडूची आई. वय तिलाच ठाऊक नाही, विचारलं तर म्हणते, "दुष्काळमां मन्हं लगीन व्हयनं." कोणता दुष्काळ ते सांगत नाही. तिची पहिली दोन लेकरं पाचवीच्या आत गेली. तिसरा झाला तेव्हा त्याला सुपात घातलं, दाराबाहेर नेऊन ठेवलं, आणि शेजारणीकडून मूठभर ज्वारी देऊन परत विकत घेतलं. म्हणजे मरणाला वाटावं की हे कोणाचं तरी टाकलेलं, सुपातलं केरकचऱ्याचं पोर आहे, याला नेऊन काय करायचं. म्हणून नाव सुपडू. त्याच्या पाठचा झाला त्याच्यासाठी पाच घरची चिंधी भीक मागून आणली, म्हणून तो भिकन. सुपडू टिकला. भिकन सहा वर्षांचा असताना याच घरात, भुईवर भावाच्या शेजारी झोपलेला असताना, त्याला मण्यार चावली. सकाळी सुपडूनं त्याला हलवलं तर तो हलला नाही.

त्यानंतर पार्वताबाईनं एक नेम धरला. परसातल्या भिंतीला खाली पाणी जायला भोक आहे. त्या भोकाशी ती रोज दुपारी काहीतरी ठेवायची, मुंगसासाठी. भाकरीचा तुकडा, कधी बोंबलाचं डोकं, कधी नुसतं दुधाचं बोट. मुंगूस जिथं फिरतं तिथं साप येत नाही, एवढं तिला पक्कं माहीत होतं. आपल्याकडे मुंगूस दिसणं तसंही शुभ. लहानपणी आपण सगळ्यांनीच त्याला तोंड दाखव म्हणून शपथा घातलेल्या आहेत. पन्नास वर्षांत भिंत दोनदा पडली आणि दोनदा बांधली, दोन्ही वेळा म्हातारीनं गवंड्याजवळ उभं राहून ते भोक ठेवून घेतलं. या घरात पुन्हा साप निघाला नाही. मग तिचा नेम खोटा कसा म्हणायचा?

म्हातारी गेल्या वर्षापासून वाळत चालली होती. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलं, "अंडी द्या यांना." लाव्यावाल्याच्या घरी अंड्यांना काय तोटा! सुपडू रोज दुपारी अंडी गोळा केली की त्यातली दोन आईच्या हातावर ठेवायचा. मंदाबाई उकडून देते म्हणाली तर म्हातारी ऐकेना.

"माले कच्चंच दे. दूधमां टाकीसन पिसू. उकडेल माले पचत नही."

रोज दोन अंडी जात होती आणि म्हातारीच्या हाताची हाडं रोज जरा जास्त दिसत होती. वय झालं, दुसरं काय, असं सुपडू मनाशी म्हणायचा.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात ऊन असं पडलं की पत्र्याला हात लावला तर कातडी चिकटावी. बुधवार होता. शुक्रवारचे चाळीस पक्षी भिंतीजवळच्या मोठ्या कूलरमध्ये वेगळे काढून ठेवले होते, वर सहा जास्तीचे. आदल्या रात्री वीज नव्हती म्हणून सुपडूनं पिंजऱ्यांवर पाणी मारत रात्र काढली होती. सकाळी मंदाबाई अंगणवाडीत गेली. त्यानं दाणे घातले, पाणी बदललं, विष्ठेचे ट्रे धुतले, गोणपाटं भिजवली, आणि अंडी गोळा करायच्या आधी जरा पाठ टेकावी म्हणून भुईवर आडवा झाला. एक डोळा मिटला. मग दुसराही मिटला.

त्याला जाग आली ती आवाजानं. चारही कूलर आतून कोणी मुठींनी बडवत असावं तसा. तो उठला, पाठीतून कळ गेली, भिंत धरून उभा राहिला. मोठ्या कूलरचं दार उघडं होतं. आतून एक राखाडी, लांबट अंग बाहेर घसरलं, तोंडात पक्षी. ते क्षणभर थांबलं, लाल डोळ्यांनी सुपडूकडे पाहिलं, आणि भिंतीच्या भोकातून नाल्यात गेलं. त्याला काही घाई नव्हती. रोजच्या वाटेनं जावं तसं ते गेलं.

मुंगूस भुकेपुरतं मारत नाही. मोठ्या कूलरमध्ये सेहेचाळीसातले तीन जिवंत होते, तेही कोपऱ्यात एकमेकांखाली घुसलेले. बाकीच्या तीन पिंजऱ्यांत ते शिरलं नव्हतं, पण तिथले लावे भीतीनं उडून उडून दारांवर, बाजूच्या पत्र्यावर आपटले होते. एकोणीस तिथं गेले. सुपडूनं सगळे एका गोणपाटावर ओळीनं ठेवले. का ठेवले ते त्याला सांगता आलं नसतं. गाठी मोजायच्या सवयीनं असेल. मग तो तिथेच बसला.

पार्वताबाई काठी टेकत आली. तिला नीट दिसत नाही, पण पिसं पायाला लागली.

"काय व्हयनं रे?"

"लावा मरनात माय."

"बठ्ठा?"

"बठ्ठा नही. गैरा." सगळे नसले तरी पुष्कळ.

म्हातारी ओळीपाशी वाकून चाचपडली, एक पक्षी उचलला, पुन्हा ठेवला. "बोका व्हई," ती म्हणाली. "लोटनना बोका. मुंगूस ऱ्हातं आठे, तं त्यानी हिंमत व्हती नही."

सुपडूनं ओळीतला एक वाकडा पक्षी सरळ केला. मुंगूसच होतं हे सांगायला त्राण नव्हतं.

मंदाबाई आली, तिनं तोंडावर पदर धरला आणि मग कामाला लागली. दुपारभर दोघांनी नाल्यापलीकडे खड्डा खणून पुरलं. म्हणजे खणलं मंदाबाईनं, सुपडू उभा राहिला. उभं राहणं त्याला खणण्यापेक्षा जड गेलं. "माले झोप लागी गई," तो एकदा म्हणाला. मंदाबाई म्हणाली, "माणूसले झोप लागसच. तुम्ही काय लोखंडना शेतस?" तिला त्याला धीर द्यायचा होता. त्याला तो धीर नको होता.

लोटन सांगायला आला की माझ्याकडे औषध आहे, मासळीत घालून भोकाशी ठेव, उद्या मुंगूस आडवं. सुपडू नको म्हणाला. लोटन हसला, "आठवड्याला चाळीस जीव हॉटेलात पाठवणारा तू, आणि तुला पंचशील आठवलं होय?" बोलणं झोंबलं, कारण खरं होतं. पण विष घालायला सुपडूचा हात धजावला नाही. ते जनावर आईनं पन्नास वर्षं पोसलेलं होतं, म्हणजे ते नाही तर त्याची आजी-पणजी.

शुक्रवारी आवेज आला. त्यानं रिकामा कूलर पाहिला, पिंजऱ्यांतून फिरला, विकण्याजोगे बारा निघाले ते घेतले. भला माणूस, आवाज चढवला नाही. "चाचा, माझं गिऱ्हाईक थांबत नाही. सध्या धुळ्याहून मागवतो. तुमचा नवा माल तयार झाला की या. जागा ठेवतो असं मात्र म्हणत नाही." मोटरसायकल सुरू करता करता थांबून म्हणाला, "आराम करा जरा. तोंड बघा तुमचं."

त्या संध्याकाळी सुपडू कूलरच्या दाराशी बसून कडी बघत होता. तार तुटलेली नव्हती. वाकलेलीही नव्हती. पीळ उलटा फिरवून, नीट मोकळी करून, ती कडीला लोंबत होती. मुंगसाला नखं असतात, दात असतात, पण तीन वेढे उजवीकडे फिरवून तार सोडवता येत नाही. म्हणजे कोणीतरी सोडवली. आपणच सकाळी सोडून विसरलो? त्यानं आठवून आठवून पाहिलं. हात आपोआप हवेत फिरला, डावीकडे, तीन वेळा. नाही, हात विसरत नाही.

शनिवारी सकाळी तो विटा आणि सिमेंटचं घमेलं घेऊन भोक बुजवायला गेला. आतून नीट बसेना म्हणून वळसा घालून नाल्याच्या बाजूनं गेला. बाभळीखाली, भोकाच्या पलीकडच्या अंगाला, कवचांचा ढीग पडला होता. बारीक, ठिपक्याठिपक्यांची कवचं. खालची उन्हानं पांढरी पडलेली, वरची ताजी. हातानं उकरली तर संपेनात. दोनशे दिवसांची तरी होती, रोजची दोन.

सुपडू त्या ढिगाशी बराच वेळ उकिडवा बसला. डॉक्टरनं तसं बसायला मनाई केली होती. आधी त्याला राग आला. असा राग की घमेलं उचलून भिंतीवर आपटावं. आपण पोटचं काढून तिच्या हातावर ठेवायचं, आणि तिनं ते मुंगसाच्या तोंडात घालायचं! लाव्याच्या अंड्याची चव लावून त्याला घराचा रस्ता दाखवायचा! मग राग ओसरला, कारण राग धरायलाही अंगात बळ लागतं.

तो घरात गेला. पार्वताबाई उंबऱ्याशी बसून तांदूळ चाचपडत खडे वेचत होती. तो तिच्याजवळ खाली बसला.

"माय, अंडा तू मुंगूसले देस?"

म्हातारीनं लपवाछपवी केली नाही. "देस. रोज देस."

"काब्रं? तुले खावाले देस ना मी."

"मी खाईसन काय करू? मन्हं व्हई गयं." तिनं एक खडा शोधून बाजूला टाकला. "तू दुपारले भुईवर पडस. कितली येळ सांगं, भुईवर नको झोपू, नको झोपू. तू ऐकस का? भिकन बी भुईवरच व्हता."

सुपडूनं उंबऱ्यापासून पिंजऱ्यांपर्यंत नजर नेली. चार वर्षं तो पिंजऱ्यांसमोर आडवा होऊन लावे राखत होता आणि उंबऱ्यावर बसून म्हातारी त्याला राखत होती. भाकरीच्या तुकड्यावर मुंगूस कधी यायचं, कधी नाही. अंड्यावर रोज यायचं. तिनं तिच्या हिशेबानं सोय पक्की केली होती.

त्यानं हळूच विचारलं, "बुधवारे बी दिना?"

"बुधवारे तू झोपेल व्हता. त्यानी येळ व्हई गई, ते भोकशी ईसन उभं. तुले कसाले उठाडू? थकेल व्हता. मीच दार उघाडीसन दोन काढी लिनात." मग तिचे हात तांदळात थांबले. पांढुरक्या डोळ्यांनी तिनं त्याच्या आवाजाच्या दिशेला पाहिलं. "तार लाई दिनी मी मंग. लाई दिनी ना रे?"

सुपडूनं तिच्या बोटांकडे पाहिलं. बोटं वाकडी झालेली, नखांशी थरथरणारी. सुईत दोरा ओवायचं तिनं दहा वर्षांपूर्वीच सोडलं होतं.

"हाव," तो म्हणाला. "लायेल व्हती. मी दखी."

"मंग बोकाच," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा खडे वेचू लागली.

दारामागे मंदाबाई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, त्यानं नको म्हणून मान हलवली, आणि ती चुलीकडे गेली. त्या घरात याबद्दल पुन्हा कोणी बोललं नाही.

रविवारी युवराजचा फोन आला. लोटनच्या पोरानं त्याला आधीच कळवलं होतं. गावात बातमी पोचवायला पगार लागत नाही. "कसं झालं बाबा?"

सुपडूच्या ओठावर खरं होतं. खरं सांगितलं असतं तर त्याच्या वयाचा, त्याच्या पाठीचा, त्याच्या झोपेचा प्रश्नच उरला नसता. पण मग युवराज म्हणाला असता, आजीला आता एकटं सोडू नका, आजीला परसात जाऊ देऊ नका. आणि पुढच्या आठवड्यात कधीतरी, बोलता बोलता, आजीच्या कानावर गेलं असतं. जिची दोन लेकरं पाचवीच्या आत गेली, एक सापानं गेलं, तिच्या हातून आता हेही झालं, असं तिला कळलं असतं.

"मला झोप लागली," तो म्हणाला. "कडी राहून गेली."

"तेच सांगतोय ना मी, बाबा. शरीर ऐकत नाही आता. तुम्ही शब्द दिला होता. पंधरा जूनला गाडी घेऊन येतो. सामान थोडंच आहे."

सुपडूनं परसाकडे पाहिलं. वाचलेले लावे सगळे एकाच कूलरमध्ये होते आणि एकमेकांच्या अंगावर चढून दाणे टिपत होते, जणू काही झालंच नव्हतं. त्या पक्ष्याचं एवढं एक बरं आहे, दुसऱ्या दिवशी विसरतो. मशीनमध्ये त्यानं काल रात्री नव्वद अंडी मांडली होती. का मांडली? शब्द दिलेला होता, आवेजनं जागा ठेवली नव्हती, पाठ ठणकत होती. तरी मांडली होती.

"गाडी आणू नको," तो म्हणाला. "शब्द मोडला म्हण. मशीनमध्ये अंडी आहेत."

"आणि पुन्हा झोप लागली तर?"

"लागेल. आता लागेल तर बाजेवर लागेल."

युवराजला काही कळलं नाही. तो म्हणाला, "पावसाळ्यापर्यंत बघतो मी," आणि फोन ठेवला. तो बघणार होता आणि येणार होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

भोक बुजलं. त्याच्याऐवजी सुपडूनं मनगटाएवढा पाइप बसवला आणि तोंडाला जाळी ठोकली. कड्यांवर तारेऐवजी कुलपं आली, किल्ल्या मंदाबाईच्या कमरेला. माळ्यावरची जुनी बाज खाली काढली. सुंभ सैल झालं होतं, मऊ अंथरूण चालत नाही, म्हणून लोटनकडून दाराची जुनी फळी आणून वर टाकली. बाज परसात पिंजऱ्यांसमोर ठेवली आणि आईला हात धरून दाखवायला नेलं. पार्वताबाईनं बाजेखाली हात घातला, भुईपासून फळीपर्यंत वितीनं मोजलं.

"आखो वर ले."

प्रत्येक पायाखाली दोन विटा घातल्या. तिनं पुन्हा मोजलं. तिसरी वीट घालून घेतली तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. आता सुपडूला चढताना कण्हावं लागत होतं.

दुपारी मंदाबाईनं दोन अंडी उकडून, सोलून, मीठ लावून म्हातारीच्या हातावर ठेवली. म्हातारी ती हातात धरून बसली. त्याच वेळी भिंतीपलीकडे खसफस झाली. मुंगूस पाइपशी गेलं, जाळी हुंगली, भिंतीवर चढून परसाकडे पाहिलं, थोडा वेळ थांबलं. पार्वताबाईनं आवाजावरून ओळखलं आणि मान तिकडे वळवली. कोणी काही टाकलं नाही. ते निघून गेलं.

"गयं?" तिनं विचारलं.

"गयं."

"आते तुले कोन राखी रे?"

सुपडू बाजेवर आडवा होत होता. पाठ फळीला टेकली तेव्हा त्याच्या तोंडून नुसता श्वास गेला. "तू शे ना," तो म्हणाला. "बस आठे. आनि ते खाई ले आधी."

म्हातारीनं एक अंडं तोंडात घातलं, बिनदाताच्या हिरड्यांनी बराच वेळ चघळलं, मग दुसरं. मंदाबाईनं तिला पिंजऱ्यांकडे तोंड करून पाट मांडून दिला आणि हातात सुपडूची काठी दिली. "लावा संभाळज्यात आत्याबाई," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

सुपडूनं एक डोळा मिटला. मग दुसरा मिटला. चार वर्षांत पहिल्यांदा त्यानं ते मुद्दाम केलं. झोपेत मधून मधून काठी भुईवर आपटल्याचा आवाज येत होता. त्याला वाटलं, बरं आहे, लाव्यांवर लक्ष आहे कोणाचं तरी.

चार वाजता जाग आली. ऊन भिंतीवर चढलं होतं, लावे आपापसात कुरकुरत होते. पार्वताबाई जागची हलली नव्हती, पण पाट तिनं फिरवून घेतला होता. पिंजऱ्यांकडे तिची पाठ होती. मान खाली घालून, काठी पुढे धरून ती बाजेखाली कान देऊन बसली होती.